देहाचें देणें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं एक लहानसा वाद आमच्या कानांवर पडला. त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलास शाळेच्या बास्केटबॉलच्या संघांत घेतलें नव्हतें. निवड करणाऱ्या शिक्षकांनीं सर्व मुलांस भिंतीशीं उभें केलें, उंचीच्या क्रमानें रांग लावली आणि रांगेचा खालचा अर्धा भाग घरीं पाठविला. चेंडू कोणाच्या हातीं दिला देखील नाहीं. मुलाचे वडील म्हणाले, "कष्ट केले म्हणजे काय साधत नाहीं? पुढच्या वर्षीं पुन्हा जा." मुलाचे मामा म्हणाले, "उगाच पोराला आशेला लावूं नका. पांच फूट दोन इंचांत बास्केटबॉल व्हायचा नाहीं." मुलगा दाराच्या चौकटीपाशीं उभा राहून दोघांचें ऐकत होता. आमचें मत विचारण्यांत आलें तेव्हां आम्हीं चहाचा पेला तोंडाशीं नेला आणि वेळ मारून नेली. त्या वेळीं जें सुचलें नाहीं तें आतां स्वस्थपणें लिहून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम मामांचें म्हणणें घेऊं, कारण त्याच्या पाठीशीं शास्त्र अधिक आहे. कोणतेंही शरीर लांबी, रुंदी व जाडी या तीन्ही दिशांनीं दुप्पट केलें तर त्याचें वजन आठपट होतें. परंतु स्नायूचें बळ त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळें तें केवळ चौपट होतें. मोठ्या देहास बळ अधिक असतें हें खरें, पण त्या बळाच्या मानानें त्यास स्वतःचाच भार अधिक वाहावा लागतो. गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत हा विचार मांडला आहे. राक्षसाचीं हाडें माणसाच्याच घाटाचीं ठेवून नुसतीं वाढविलीं तर तीं त्याचा भार पेलूं शकणार नाहींत, असें त्याचें म्हणणें. याचा पडताळा वजन उचलणाऱ्यांत चांगला मिळतो. १९८८ सालीं सोल येथील ऑलिंपिकांत तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूनें साठ किलोंच्या गटांत १९० किलो वजन डोक्यावर धरलें. त्याची उंची पुरती पांच फूट देखील नव्हती आणि उचललेला भार स्वतःच्या तिपटीहून अधिक होता. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झे यानें २०२१ सालीं २६७ किलो उचलले. आंकडा थोर खरा; पण हा गृहस्थ स्वतःच पावणेदोनशें किलोंच्या आसपास भरत होता, म्हणजे त्यानें आपली दीडपट उचलली. या दोघांत बलवान् कोण, याचें उत्तर आपण बळ कशास म्हणतों यावर आहे. तराजू तें सांगणार नाहीं.

तीच गोष्ट धांवण्याची. लांब पल्ल्याच्या धांवेंत अंगांतली उष्णता बाहेर टाकणें हा मोठाच प्रश्न असतो, आणि लहान देहास वजनाच्या मानानें कातडीचें क्षेत्र अधिक मिळतें. २०१८ व २०२२ सालीं बर्लिन येथें मॅरॅथॉनचे उच्चांक करणारा केनियाचा एलिउद किपचोगे साडेपांच फुटांचा, अंगावर मांस नाहीं असा माणूस आहे. उलट, पाण्यांत लांब धड आणि लांब हात उपयोगी पडतात. बीजिंग येथें २००८ सालीं आठ सुवर्णपदकें घेणाऱ्या मायकेल फेल्प्सचे पसरलेले हात त्याच्या उंचीहूनही कांहीं इंच अधिक भरतात. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं व्यायामाच्या शिक्षकांचा असा समज होता कीं मध्यम, प्रमाणबद्ध बांधा हाच सर्व खेळांस उत्तम. तो समज आतां गेला आहे. प्रत्येक खेळ आपल्याला हवा तसा देह साऱ्या जगांतून वेंचून काढीत आहे, आणि गोळा फेकणारा व उंच उडी मारणारा यांस शेजारीं उभें केलें तर ते एकाच जातीचे प्राणी वाटूं नयेत इतकें अंतर पडलें आहे.

मग मामा जिंकले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शंभर मीटरांच्या शर्यतींत फार उंच माणसाचें काम नाहीं, त्याचे पाय सुरुवातीस लवकर उलगडत नाहींत, असें जाणते लोक म्हणत असत. मग सहा फूट पांच इंचांचा युसेन बोल्ट आला आणि २००९ सालीं बर्लिन येथें त्यानें तें अंतर ९.५८ सेकंदांत, अवघ्या एकेचाळीस पावलांत, संपविलें. आतां तेच जाणते लोक सांगतात कीं लांब पाय हेंच त्याच्या वेगाचें रहस्य! गामा पहिलवान १९१० सालीं लंडनला गेला तेव्हां उंची बेताची म्हणून त्यास प्रथम स्पर्धेंत घेतलें नाहीं, अशी हकीकत सांगतात. घेतल्यावर पोलंडचा धिप्पाड झबिस्को त्याच्यापुढें दोन तासांहून अधिक वेळ मातीला—मातीला नव्हे, गादीला—चिकटून पडून राहिला आणि ठरलेल्या दुसऱ्या दिवशीं आलाच नाहीं. देहाचा हिशेब पुष्कळदां निकाल लागल्यावर मांडला जातो, हें विसरतां कामा नये.

येथें विचाराची एक चूक होत असते, ती उघड करून सांगणें अवश्य आहे. उंच मुलें बास्केटबॉलांत सरासरीनें सरस ठरतात हें विधान समूहासंबंधीं आहे. समोर उभ्या असलेल्या मुलासंबंधीं नाहीं. शिवाय निवड एकदां उंचीवरच झाली म्हणजे निवडलेल्यांत सगळेच उंच असतात, आणि मग त्यांच्यांत श्रेष्ठ कोण हें उंची सांगूं शकत नाहीं. तेथें नजर, हात आणि डोकें यांचाच निवाडा होतो. अमेरिकेंतील व्यावसायिक संघांतून मगसी बोग्ज हा पांच फूट तीन इंचांचा खेळाडू १९८७ पासून चौदा हंगाम खेळला. त्याच्यासारखा दुसरा काढून दाखवा, असें मामा म्हणतील, आणि तें रास्तच होईल. परंतु ज्या शिक्षकांनीं चेंडू हातीं न देतांच रांग अर्धी तोडली त्यांस तो पहिला तरी सांपडला असता काय?

आतां वडिलांकडे वळूं. कष्टानें सर्व साधतें हें त्यांचें वचन ऐकावयास गोड आहे, पण त्याच्या पोटांत एक क्रूरपणा दडलेला आहे. कष्टानें सर्व साधतें असें मानलें कीं ज्यास साधलें नाहीं त्यानें कष्टच केले नाहींत, असा अर्थ आपोआप निघतो. मुलगा वर्षभर राबून पुन्हा परत आला तर उंचीबरोबर आळसाचाही डाग त्याच्या माथीं बसावयाचा. फिनलंडच्या एरो मांतीरांता या खेळाडूनें १९६४ सालीं इन्सब्रुक येथें बर्फावरच्या शर्यतींत दोन सुवर्णपदकें मिळविलीं. त्याच्या कुळांत रक्तांतील तांबड्या पेशी जन्मतःच अधिक होत्या, आणि त्याचें आनुवंशिक कारण शास्त्रज्ञांस १९९३ सालीं सांपडलें. त्याच्यामागें दुसरा, तिसरा, दहावा आलेल्यांनीं काय कमी कष्ट केले होते? आणि नवल असें कीं तोच गुण कोणीं सुई टोचून अंगीं आणला तर तो अपराध ठरतो. आईबापांकडून आला तर ती थोरवी. सुईवर बंदी असावी, याविषयीं आमचा वाद नाहीं. ती नसती तर तरुण पोरें आपला जीव धोक्यांत घालतील. पण जन्माचें देणें हें कर्तृत्व कसें, हा प्रश्न त्या बंदीनें सुटत नाहीं.

या ठिकाणीं आम्हां पांढरपेशांची एक खोड सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पहिलवानाच्या बळाविषयीं बोलतांना आपण सहज म्हणतों, "त्याचें काय, देहच तसा मिळाला आहे." आपल्या घरचा मुलगा गणितांत पहिला आला म्हणजे मात्र ती त्याची हुशारी आणि आपले संस्कार! बुद्धि तरी कोणीं बाजारांतून आणलेली असते? दंड जितका उसना तितकाच मेंदूही उसना. एकाच्या बाबतींत दैव आणि दुसऱ्याच्या बाबतींत पुण्याई, असें दुहेरी माप वापरणाऱ्यानें न्यायाच्या गोष्टी बोलूं नयेत.

दैवाचा हा भाग कमी करावा म्हणून माणसानें केलेली सर्वांत प्रामाणिक खटपट म्हणजे कुस्तींतील वजनाचे गट. आपल्या मातींतल्या कुस्तींत हें काम वस्तादांची नजर करी. दोन गडी समोर उभे करून जोड लागते कीं नाहीं हें ते पाहून सांगत. ऑलिंपिकांत तें काम कांट्याकडे आहे. गट नसते तर गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचें नांव आज कोणाच्या ओठीं असतें? १९४८ सालीं लंडन येथें सर्वांत हलक्या गटांत ते सहावे आले, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें सत्तावन किलोंच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें; स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक. त्या प्रवासाचे पैसे उभे करण्यासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवलें होतें. त्या पदकांत देहाचा वांटा किती, कष्टांचा किती आणि गहाणखताचा किती, हें कोणीं मोजावें?

मात्र कांटाही निर्दय होऊं शकतो. २०२४ सालीं पॅरिस येथें विनेश फोगाट पन्नास किलोंच्या गटांत एकाच दिवशीं तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरींत पोंचली. त्यांतली पहिली, तोंवर आंतरराष्ट्रीय कुस्तींत अजिंक्य असलेल्या जपानच्या सुसाकीविरुद्ध. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिचें वजन शंभर ग्रॅम अधिक भरलें आणि ती बाद झाली; लवादानेंही तिचें गाऱ्हाणें फेटाळलें. आमचें मत पुष्कळांस आवडणार नाहीं, पण रेषा एकदां आंखली म्हणजे ती शंभर ग्रॅमांसही लागू झाली पाहिजे, नाहीं तर उद्यां दोनशें ग्रॅम उभे राहतील. दोष रेषेचा नव्हे. आपल्या स्वाभाविक वजनाहून हलक्या गटांत शिरण्यासाठीं उपास, घाम आणि तहान यांनीं देह पिळून काढण्याची जी रीत जगभर पडली आहे, ती खरी दोषी. जो गट दुबळ्याच्या रक्षणासाठीं काढला, त्यांतच सबळानें अंग चोरून शिरावें, आणि मग प्रत्येकास तसें करणें भाग पडावें, हा न्यायाचा मोठाच उपहास आहे. आणि बास्केटबॉलांत उंचीचे गट कां नसावे, हें तर कोणी विचारीतही नाहीं. उंच माणसांचा खेळ पाहावयास लोक पैसे देतात, यापलीकडे त्याचें कारण आम्हांस सांपडलेलें नाहीं.

तेव्हां त्या मुलास सांगावयाचें तें इतकेंच, कीं बाबा, तुझी उंची ही तुझी चूक नव्हे आणि शेजारच्या मुलाची उंची ही त्याची कमाई नव्हे. मामा म्हणतात तसा मार्ग अरुंद आहे; बाबा म्हणतात तसा तो कष्टानें रुंद होईलच असें नाहीं. तरीही खेळावेंसें वाटत असेल तर खेळ. आणि संघांत घेतलें नाहीं तर तुझ्या हातून चेंडू कोणीं काढून घेतलेला नाहीं.

एवढें मनांत जुळवून आम्ही परवां त्यांच्या घरीं गेलों. मुलगा घरीं नव्हता. मागल्या अंगणाच्या भिंतीवर मामांच्या डोक्याहून बऱ्याच उंचीवर खडूनें एक वर्तुळ काढलेलें दिसलें, आणि त्याच्या आंतबाहेर चिखलाळलेल्या चेंडूचे गोल ठसे इतके दाट उमटले होते कीं चुना कोठला आणि चिखल कोठला हें कळेना. रोज संध्याकाळीं सहा ते सात हें चालतें, असें वडिलांनीं सांगितलें. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडकरूंची तक्रार आली आहे, आणि ती मिटविण्यासाठीं मामा त्यांच्याकडे गेले होते.