उंचीवरच्या माणसाची कैफियत

लडाख फिरून आलेल्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: 'त्या लोकांना काय, सवय असते!' प्रेरणादायी व्याख्यानांत तेच वाक्य मानवी जिद्दीचा फेटा बांधून मिरवतं. त्याचा समाचार घ्यायचा तर पेरूला जाणं बरं. तिथे या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी रीतसर भांडण झालं आहे.

जोसेफ बारक्रॉफ्ट हे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. गडी हिमतीचा, १९२० मध्ये प्राणवायू कमी केलेल्या काचेच्या खोलीत स्वतः सहा दिवस राहिला. पुढे १९२१-२२ मध्ये सहकाऱ्यांसह सेर्रो दे पास्को या सुमारे ४,३०० मीटर उंचीवरच्या खाणगावात गेला आणि १९२५च्या पुस्तकात निकाल देऊन मोकळा झाला: इतक्या उंचीवर राहणारी झाडून सगळी माणसं शरीराने आणि बुद्धीने उणीच. ज्या अँडीजमध्ये इंकांनी साम्राज्य चालवलं, तिथल्या माणसांबद्दल हे!

लिमाचे डॉक्टर कार्लोस मोन्हे भडकले. १९२७ मध्ये त्यांनी स्वतःची मोहीम डोंगरावर नेली. डोंगरी माणूस हा सपाटीवरच्या माणसाची दुबळी आवृत्ती नव्हे, त्याच्या शरीराची घडणच निराळी, हा त्यांचा दावा. बारक्रॉफ्टना तर त्यांनी थेट रुग्णाच्या खाटेवर निजवलं: साहेबांना स्वतःलाच उंची लागली होती, फक्त ते त्यांच्या ध्यानात आलं नाही! मग इतिहासही साक्षीला आला. स्पॅनिश विजेत्यांनी आधी डोंगरातल्या हाउहाला राजधानी केली, पण घोडी-डुकरं तिथे विईनात, अशी तक्रार झाली आणि १५३५ मध्ये राजधानी किनाऱ्यावर, लिमाला आली. म्हणजे उणं कोण? डोंगरावरचा की खालून आलेला?

इथवर मोन्हेंच्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात. पंचाईत पुढे आहे. उंचीवर वर्षानुवर्षं राहिलेल्या काही माणसांचं रक्त तांबड्या पेशींनी दाटतं, ओठ निळे पडतात, डोकं ठणकतं, आणि खाली उतरलं की उतार पडतो. हा विकार १९२५ मध्ये जगापुढे मांडला तो मोन्हेंनीच; आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. ज्याचा अभिमान बाळगायचा, त्याच शरीराचं दुखणंही त्यांनीच नोंदवलं.

तिबेटी शरीराने वेगळी वाट काढली. मानवशास्त्रज्ञ सिंथिया बील यांच्या मोजणीत साधारण ४,००० मीटरवर अँडीजमधल्या आयमारा पुरुषांचं हिमोग्लोबिन सरासरी डेसिलिटरमागे १९.२ ग्रॅम, तर तिबेटी पुरुषांचं १५.६ भरलं. तिबेट्यांमधला, रक्त दाटू न देणारा जनुकाचा प्रकार डेनिसोव्हन या लोप पावलेल्या मानवांकडून आल्याचं २०१४ मध्ये पुढे आलं. जिद्दीच्या व्याख्यात्यांनी या पूर्वजांना एखादं पुष्पचक्र वाहायला हरकत नाही.

तेव्हा सवय खरी, पण ती फुकट नाही, आणि तिची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. बारक्रॉफ्टनी माणसं उणी ठरवली, मोन्हेंनी थोर ठरवली. त्यांना एवढ्या उंचीवर नेतं कोण, हा प्रश्न या भांडणात मागेच पडला. पेरूतलंच ला रिंकोनादा सुमारे ५,१०० मीटरवर आहे. प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा, तरी हजारो माणसं राहतात, कारण खाली सोनं आहे. तिथल्या 'काचोर्रेओ' पद्धतीत खाणकामगार महिनाभर बिनपगारी राबतो आणि मग एक दिवस त्याला स्वतःसाठी खनिज उचलता येतं. त्या दगडात सोनं निघालं तर त्याचं नशीब. नाही निघालं तर पुढचा महिना.