मिळविलेली जागा व दिलेली जागा

पॅसिफिक महासागरांत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस, तुवालू नांवाचें एक लहानसें राष्ट्र आहे. नऊ प्रवाळद्वीपें, सर्व मिळून अवघी २६ चौरस किलोमीटर जमीन, व वस्ती सुमारें अकरा हजार; म्हणजे आमच्या इकडील एखाद्या बाजारगांवाएवढी. नांवाचा अर्थ 'एकत्र उभीं राहिलेलीं आठ' असा आहे. नवव्या बेटावर पूर्वीं कायमची वस्ती नव्हती, म्हणून तें त्या गणतींत आलें नाहीं. राजधानीचें फुनाफुटी हें बेट इतकें अरुंद आहे कीं, दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें बांधिलेली विमानांची धांवपट्टी हीच तेथील मोठी मोकळी जागा होऊन बसली आहे. विमान आठवड्यांतून थोडक्याच वेळां येतें. तें यावयाचें झालें म्हणजे भोंगा वाजवून लोकांस बाजूस सारितात. एरव्हीं संध्याकाळीं त्याच पट्टीवर मुलें चेंडू खेळतात, व उकाड्याच्या रात्रीं कित्येक लोक तेथेंच चटई टाकून निजतात.

हा देश १९७८ सालीं स्वतंत्र झाला, व २००८ सालीं बीजिंग येथील ऑलिंपिक सामन्यांस त्यानें आपले खेळाडू प्रथम पाठविले. त्यानंतर २०२४ पर्यंतच्या एकाही उन्हाळी ऑलिंपिकांत तुवालूचें निशाण गैरहजर नव्हतें. २०१६ सालीं रिओ द जानेरो येथें मात्र त्या निशाणामागें एकच खेळाडू होता. त्यानें शंभर मीटरांची शर्यत ११.८१ सेकंदांत पुरी केली. आतां पाहा, २०२४ सालीं पॅरिस येथें ह्याच शर्यतींत वेळेच्या बळावर प्रवेश मिळविण्यास पुरुषांस १०.०० सेकंदांची व स्त्रियांस ११.०७ सेकंदांची अट होती. पावणेदोन सेकंद म्हणजे वाचकांस डोळ्याची उघडझांप वाटेल. पण धांवण्याच्या फडांत तें पंधरा मीटरांहून कमी अंतर नव्हे. मग असा गडी आंत आला कसा? तर ज्या देशाचा एकही धांवणारा अटीस उतरत नाहीं, त्या देशास आपला उत्तम पुरुष व उत्तम स्त्री पाठवितां यावी, अशी एक तरतूद नियमांत आहे. तीस सार्वत्रिक जागा म्हणतात. २०२४ सालीं पॅरिसलाही तुवालूची एक स्त्री व एक पुरुष ह्या शर्यतींत धांवलीं.

येथें न्यायाचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्या मतें हलका नाहीं. एका देशाकडून एका शर्यतींत तिघांहून अधिक धांवणारे घेत नाहींत. त्यामुळें अमेरिका किंवा जमेका ह्या देशांच्या निवडीच्या शर्यतींत जो चवथा येतो, तो जगांतील बहुतेकांहून वेगवान असूनही घरीं बसतो. आणि ज्याचा वेग त्याच्या जवळपासही पोंचत नाहीं, तो तुवालूचा तरुण त्या मैदानावर उभा असतो. ज्यानें पहांटेस उठून दहा वर्षें अंग झिजविलें, त्यानें ही गोष्ट मुकाट्यानें कशी सोसावी? "योग्यतेस मान द्या" असें आपण मुलांस शिकवितों, आणि जगांतील सर्वांत मोठ्या सामन्यांत योग्यतेवांचून जागा वांटतों, हें कसें?

उत्तर देण्यापूर्वीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीं तर आपण दूरच्या बेटांकडे दयेच्या नजरेनें पाहात बसूं. २०२४ सालीं पॅरिस येथें भारताचे जे दोन पोहणारे गेले, त्यांत एक चौदा वर्षांची मुलगी होती, ते दोघेही ह्याच सार्वत्रिक दारानें आंत गेले. एकशें चाळीस कोटींचा आमचा देश, आणि पोहण्याच्या कामीं तो तुवालूच्याच रांगेंत उभा! तेव्हां हा प्रश्न लहान राष्ट्रांचाच आहे असें कोणीं समजूं नये.

आतां मूळ मुद्याकडे वळूं. गांवांत लग्नाची पंगत बसते, तींत कोणी किती नांगरतो हें विचारून पान मांडीत नाहींत; नातें पाहून मांडितात. तेंच गांव जत्रेच्या दिवशीं कुस्तीचा फड भरवितें, आणि तेथें मामा-भाचा न पाहतां जो पाठ लावील त्यास फेटा बांधितें. पंगतीचा न्याय फडांत आणिला तर कुस्ती बुडाली, व फडाचा न्याय पंगतींत आणिला तर गांव बुडालें. ऑलिंपिकांत हीं दोन्हीं एकाच मांडवाखालीं आहेत. राष्ट्रांनीं एकत्र जमावें हा त्याचा एक हेतु, व श्रेष्ठ कोण तें ठरवावें हा दुसरा. तुवालूची जागा पहिल्या हेतूची आहे. ह्या जागेनें आलेल्यांस शंभर मीटरांत आरंभीं एक वेगळी प्राथमिक फेरी धांवावी लागते. तींतून वर आले तरच पुढें मोठ्यांशीं गांठ. शेवटच्या रेषेवर त्यांस कोणी अर्धें पाऊलही सूट देत नाहीं. दार उघडून दिलें जातें, घड्याळ मात्र कोणाचें ऐकत नाहीं. आणि तो चवथा अमेरिकन? त्याची जागा तुवालूवाल्यानें घेतलेली नाहीं. ती त्याच्याच देशाच्या पुढल्या तिघांनीं भरलेली आहे. त्याचें दुःख खरें आहे, पण तें दुसऱ्या कोणाच्या पदरीं बांधणें खरें नाहीं.

इतक्यानें नियमाचा प्रश्न सुटतो. माणसाचा सुटत नाहीं. दिलेल्या जागेवर उभें राहणाऱ्यास लोक कसें पाहतात, व तो आपणांस कसें पाहतो, हें अधिक नाजूक आहे. २००० सालीं सिडनी येथें विषुववृत्तीय गिनी ह्या आफ्रिकन देशाचा एरिक मुसांबानी हा तरुण शंभर मीटर पोहण्यास उतरला. त्याच्या देशाची त्या वेळची राजधानीही एका बेटावर होती. पन्नास मीटर लांबीचा हौद त्यानें तेथें जाईपर्यंत पाहिलाही नव्हता. सराव केला तो एका हॉटेलांतील लहानशा टाक्यांत. त्याच्या गटांत तिघेच होते, आणि दुसऱ्या दोघांनीं इशाऱ्यापूर्वीं उडी घेतल्यामुळें ते बाद झाले. हा एकटाच पोहला. परतीच्या अंतरांत त्याचे हातपाय गळाले. तो बुडतो कीं काय असें पाहणाऱ्यांस वाटलें. सारें प्रेक्षागार उभें राहून ओरडत होतें. त्यानें १ मिनिट ५२.७२ सेकंदांत कांठ गांठला. चांगले पोहणारे त्याच्या निम्म्या वेळेंत तें अंतर तोडतात.

त्या ओरडण्यांत काय होतें? आम्हीं ह्यावर बराच विचार केला आहे. कांहीं अंशीं तें कौतुक होतें, ह्यांत शंका नाहीं. पण लहान मूल पडतझडत चालूं लागलें म्हणजे आपण टाळ्या वाजवितों, त्या जातीचें तें कौतुक असेल तर तो मान नव्हे; त्यांत आपलें मोठेपण आपणांस गोड लागतें, इतकेंच. वर्तमानपत्रांनीं त्यास गमतीचीं नांवें दिलीं. मान कशास म्हणावें तें त्याच्या पुढल्या वागण्यावरून दिसतें. तो घरीं जाऊन हंसें विसरला नाहीं व कीर्तीवरही भुलला नाहीं. सराव करीत राहिला, आणि पुढील चार वर्षांत त्याच अंतराची त्याची वेळ ५७ सेकंदांच्या आंत आली. म्हणजे जवळजवळ निम्मी! आणि २००४ सालीं अथेन्सला जाण्याची पाळी आली, तेव्हां प्रवासाच्या कागदपत्रांच्या घोटाळ्यामुळें त्यास जातांच आलें नाहीं. पोहतां येत नव्हतें तेव्हां जगानें त्याला बोलाविलें, आणि पोहतां येऊं लागलें तेव्हां एका कागदासाठीं तो मागें राहिला. आम्हांस त्या पहिल्या टाळ्यांपेक्षां ही दुसरी, कोणी न पाहिलेली चार वर्षें मोठीं वाटतात. पुढें तो आपल्या देशाच्या पोहणाऱ्यांचा शिक्षक झाला.

तुवालूकडेही असें उदाहरण आहे. असेनाटे मनोआ ह्या बाईनें २००८ सालीं बीजिंगला शंभर मीटर १४.०५ सेकंदांत तोडले, आणि २०१२ सालीं लंडनला १३.४८ सेकंदांत. जगाच्या हिशेबीं दोन्ही आंकडे सारखेच मागचे. पण ज्यानें शेतीची बांधबंदिस्ती केली आहे, त्यास ठाऊक असतें कीं पडीक जमिनीचें पहिलें पीक व दुसरें पीक ह्यांत किती घाम असतो. दिलेल्या जागेचा कोणी सहलीसारखा उपयोग केला, तर तो देणाऱ्याचा व पाठविणाऱ्या गांवाचाही अपराधी. मनोआबाईंचें तसें नव्हतें.

आतां दुसरी बाजू; कारण मिळविलेल्या जागेविषयींही लोकांचे फार साधे समज असतात. वेस्ट इंडीजमधील सेंट लुसिया ह्या सुमारें एक लाख ऐशीं हजार वस्तीच्या बेटाची ज्युलियन आल्फ्रेड हिनें ३ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथें स्त्रियांची शंभर मीटरांची शर्यत १०.७२ सेकंदांत जिंकिली. तिच्या देशाचें तें अगदीं पहिलें ऑलिंपिक पदक, आणि तेंच सुवर्णाचें. त्याच दिवशीं शेजारच्या डॉमिनिका बेटाच्या थिया लाफाँड हिनें तिहेरी उडींत १५.०२ मीटरांची झेप घेऊन आपल्या देशासही पहिलें पदक दिलें. ह्या दोघींस कोणीं उपकारानें जागा दिली नव्हती. अट पुरी करून, जिंकून, त्या गेल्या.

परंतु आल्फ्रेडबाईंनीं विजयानंतर काय सांगितलें? लहानपणीं पायांत जोडे नसतांना, शाळेच्याच कपड्यांत आपण धांवत होतों, धड सोयी नव्हत्या, आणि देशाचें क्रीडांगण अजून दुरुस्त झालेलें नाहीं. त्या क्रीडांगणाची कथा ऐकण्याजोगी आहे. बेटाच्या दक्षिण टोंकाकडील मोठें रुग्णालय २००९ सालीं जळालें, तेव्हां रोग्यांस ठेवावयास दुसरी इमारत नसल्यामुळें त्यांस ह्या क्रीडांगणांत आणिलें, आणि तेथें तें दहा वर्षांहून अधिक काळ राहिलें. आम्ही सरकारास आगीबद्दल दोष देत नाहीं. रोगी कीं धांवणारीं मुलें, असें निवडावें लागलें तर कोणीही रोगीच निवडील. (रुग्णालय पुन्हां बांधण्यास इतकीं वर्षें लागावीं, हें मात्र आम्हांस पटत नाहीं.) ती मुलगी चौदाव्या वर्षीं घरदार सोडून शिक्षणासाठीं एकटी जमेकास गेली, पुढें अमेरिकेंत टेक्सासच्या विद्यापीठांत शिकली. पाय तिचे, कष्ट तिचे. पण मैदान जमेकाचें, शिक्षक परदेशचे, आणि निशाण सेंट लुसियाचें. मग 'मिळविलेली' जागा तरी संपूर्णपणें एकाच माणसानें मिळविली असें म्हणतां येईल काय?

आपल्या प्रांतांतलाच दाखला घ्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला सहावे आले, व १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक घेऊन आले. त्यांची जागा मिळविलेलीच होती. पण जाण्याचे पैसे नव्हते. गांवकऱ्यांनीं वर्गणी केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनीं आपलें घर गहाण टाकिलें. त्या पदकांत एका मास्तराच्या घराच्या भिंती होत्या. म्हणून योग्यता व देणगी हीं दोन वेगळ्या पेटींत कुलूप लावून ठेवितां येत नाहींत, असें आमचें मत आहे. फरक आहे तो प्रमाणाचा, आणि घेणारा तें ओळखतो कीं नाहीं ह्याचा.

ऑलिंपिकांतील जागेचा आणखी एक उपयोग किरिबाती ह्या बेटराष्ट्राच्या डेव्हिड काटोआटाउ ह्यानें दाखविला. २०१६ सालीं रिओ येथें वजन उचलून झाल्यावर तो मंचावर नाचला. लोक हंसले. त्याचें म्हणणें असें होतें कीं, आपलें घर वादळानें गेलें, समुद्र आपला देश गिळीत आहे, आणि हें जगास सांगावयास दुसरा मंच आपणांस नाहीं. खेळाच्या जागीं असलें गाऱ्हाणें आणूं नये असें कांहीं सभ्य लोक म्हणतील. ज्यांचीं घरें उंचवट्यावर आहेत त्यांनीं तें म्हणणें सोपें आहे.

तुवालूची स्थिति त्याहून बरी नाहीं. तेथील सर्वांत उंच जमीनही समुद्रापासून पांच मीटरांच्या आंतच आहे. २०२३ सालीं त्या देशानें आपल्या राज्यघटनेंत असें लिहून ठेविलें कीं, भूमि पाण्याखालीं गेली तरी राष्ट्र राहील. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियाशीं करार झाला व २०२४ च्या ऑगस्टांत, पॅरिसचे सामने झाले त्याच महिन्यांत, तो अमलांत आला. त्याप्रमाणें दरवर्षीं २८० तुवालूवासीयांस ऑस्ट्रेलियांत कायमचें जाऊन राहतां येतें. २०२५ सालीं पहिल्यानें नांवें मागविलीं, तेव्हां लोकसंख्येच्या फार मोठ्या भागानें तीं नोंदविलीं. ह्या २८० जागा वेगावर नाहींत व गरजेवरही नाहींत. त्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. ज्या घरांत बापाची चिठ्ठी निघाली व त्याच्या म्हाताऱ्या आईची निघाली नाहीं, तेथें कोणता न्याय लावावा, हें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं.