वाळूचे पांघरूण

झेलम नदीच्या काठी, ऐन थंडीत, एक भाऊ आणि एक बहीण वाळूत खड्डे खणत होती. अंगावर पुरेसे कपडे नव्हते, पांघरायला काही नव्हते. दोघांनी आपापल्या मापाचा खड्डा केला, त्यात आडवी झाली आणि डोके तेवढे बाहेर ठेवून सगळे अंग कोरड्या वाळूने झाकून घेतले. वाळूने दिली तेवढी ऊब घेऊन रात्र काढली. सकाळी उठून पुन्हा चालू लागली.

भावाचे नाव श्रीनिवास डोंगरे. बहिणीला पुढे जग पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागले.

ही दोघे अशी रानोमाळ का भटकत होती, ते आधी सांगायला हवे. वडील अनंतशास्त्री पुराण सांगत तीर्थयात्रा करणारे विद्वान. आपल्या बायकोला संस्कृत शिकवले म्हणून पंडितांपुढे जाब द्यावा लागलेला माणूस. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हे कुटुंब मद्रास इलाख्यात होते. भांडी विकली, दागिने विकले. मजुरी करायची लाज, भीक मागायची लाज. अकरा दिवस रानात पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायची ठरवली होती. मुलगा म्हणाला, अभिमान सोडून मी काम करतो. 1874 मध्ये वडील गेले. थोड्याच काळात आई गेली, मग मोठी बहीणही गेली. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी पडत होती म्हणून तिने तिरडीचा आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. तेव्हा तिचे वय सोळा.

या आठवड्यात आमच्या मंडळीत मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचला गेला, यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाचा. घरी आल्यावर मी रमाबाईंचे लेखन पुन्हा काढून बसले. बार्तीमय आणि रमाबाई माझ्या मनात एकत्र का येतात ते पुढे सांगते. पण वाचताना पहिल्यांदा एक गोष्ट टोचली. 'अंधारातून प्रकाशाकडे' हे शब्द आम्ही ख्रिस्ती माणसे फार सहज वापरतो. नाताळाच्या फलकावर ते असतात, साक्षीत असतात, अंत्यविधीतही असतात. ऐकणाऱ्याला वाटते, खंडाळ्याच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडावी तसे काहीतरी होत असेल: काळोख संपला, खिडकीत ऊन आले, मागे वळून पाहायचे कारण उरले नाही. रमाबाईंच्या आयुष्यात तसे झाले नाही. माझ्या माहितीतल्या कुठल्याच विश्वासू माणसाच्या आयुष्यात तसे झालेले मी पाहिलेले नाही.

1878 मध्ये भावंडे कोलकात्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. दोन वर्षांत श्रीनिवास गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, मुलगी झाली, मनोरमा. ती वर्षाची व्हायच्या आत, 1882 मध्ये, पटकीने नवरा गेला. मूल कडेवर घेऊन ही बाई पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला आणि पुढच्या वर्षी वैद्यक शिकायच्या इच्छेने इंग्लंडला निघाली. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथे तिने आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

तो का घेतला, याची तिने स्वतः सांगितलेली हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. लंडनजवळ फुलम इथे ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक घर होते. समाजाने 'पतित' ठरवून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. त्यांची तिथे चाललेली मायेची शुश्रूषा रमाबाईंनी पाहिली आणि त्या चकित झाल्या. शास्त्रे त्यांना तोंडपाठ होती. अशा बाईला काय शिक्षा द्यायची हे त्यांनी वाचले होते. तिला जवळ घ्यायचे असते, हे कुठे वाचले नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली बाई. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ज्या बाईच्या हातचे कोणी घेणार नाही, तिच्या हातचे मागतो. आणि ती बाई आपली घागर तिथेच ठेवून गावात धावत जाते, ज्या गावाला तोंड दाखवायचे टाळत असावी त्याच गावात.

रमाबाईंना येशूची ओळख पटली ती या गोष्टीतून. आधी हात दिसले, मग त्या हातांमागचा तो.

तरीही उजाडायला वेळ लागला. वाँटेजच्या भगिनींशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. हे मला पटत नाही, ते मी नुसते सांगण्यावरून मानणार नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये ती पत्रे पुस्तकरूपाने छापली. त्यांत गुडघे टेकलेली बाई आहे, पण वाकवलेली बाई नाही. पुढे 1907 मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणाने मांडले की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त स्वतः सापडायला आणखी आठ वर्षे लागली. आठ वर्षे! आपण आठ दिवस प्रार्थना करतो आणि देव ऐकत नाही म्हणून रुसतो.

पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक क्रम लावला आहे. आधी संकटे, त्यांतून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील, आणि मग आशा. आशा शेवटी येते. आपण तिला सुरुवातीला शोधतो, म्हणून ती सापडत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर, आई गेली त्या वर्षीच्या पुनरुत्थानाच्या पहाटे मी स्मशानभूमीत गेले होते. आमच्याकडे त्या दिवशी उजाडायच्या आधी सगळी मंडळी कबरींपाशी जमते, मेणबत्त्या लावते, गाते. माझा गळा उघडेना. पुनरुत्थान खरे आहे हे मी लहानपणापासून म्हणत आले होते, आणि त्या पहाटे ताज्या मातीच्या ढिगाकडे बघून मला ते म्हणता येईना. मंडळीतली एक म्हातारी बाई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिने स्वतःची दोन मुले याच जागेत पुरली होती. तिने वचन सांगितले नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. वारा सुटला होता. माझी मेणबत्ती विझू नये म्हणून तिने तळव्याचा आडोसा धरला, एवढेच. मग वर्षभर दर गुरुवारी ती डबा घेऊन येत राहिली. मी जेवत असताना मोरीतली भांडी घासून टाकी. बोलणे फारसे होत नसे.

बऱ्याच वर्षांनी आमच्या गल्लीत एक तरुण बाई विधवा झाली. मला निरोप आला. मी जाताना घाबरले होते, काय बोलू म्हणून. दारात पाऊल ठेवल्यावर बोलायची गरजच पडली नाही. सरळ मोरीकडे गेले. माझा अंधार तेव्हाही संपलेला नव्हता, आजही आईचे लुगडे हाती आले की दिवस जड जातो. पण त्या घरातल्या काळोखात मला चालता येत होते. वाट ओळखीची होती.

रमाबाईंचे 1896 साल मी याच नजरेने वाचते. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या वेळी पुण्यात त्यांचे विधवांसाठीचे शारदासदन होते, 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि नंतर पुण्याला आणलेले. मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून 1893 मध्ये मोठा गदारोळ उठला होता, 'केसरी'ने कडाडून टीका केली होती, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. हातात असलेले सांभाळणेच पुरेसे कठीण होते. आणि त्यात दुष्काळ! ज्या शब्दाने आई-बाप-बहीण नेली तो शब्द. कोणीही म्हणाले असते, तुम्ही जाऊ नका बाई, दुसऱ्या कोणाला पाठवा, पैसे पाठवा.

त्या गेल्या. दुष्काळी कामांवर, रस्त्याकडेला, धर्मशाळांच्या ओसरीवर हिंडल्या. बेवारस मुली आणि तरुण विधवांना दुष्काळात कोण गाठते आणि कुठे विकते, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सुमारे 300 जणींना त्यांनी आणले. पुण्यात प्लेग होता, तिथे ठेवता येईना; म्हणून दौंडच्या अलीकडे केडगावला घेतलेल्या जमिनीवर राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तीच पुढची 'मुक्ती'. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि मुक्तीत राहणाऱ्यांचा आकडा 2000 च्या घरात गेला. स्वयंपाक, विहिरी, विणकाम, शेती, शाळा, छापखाना, सगळे बायका चालवत.

इथे एक प्रश्न अनेक वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. उपाशी मुलीसमोर ताट आणि धर्म एकत्र ठेवले, तर तिची निवड कितपत स्वतंत्र? मी ख्रिस्ती आहे म्हणून हा प्रश्न टाळणार नाही. भाकरीच्या बदल्यात विश्वास मागणे हे येशूच्या नावाला बट्टा लावणारे आहे. त्याने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा कोणाची पानावरची जागा आधी श्रद्धा तपासून ठरवली नव्हती. केडगावात सगळे निर्दोष घडले असा माझा दावा नाही. पण त्या वेळी त्या मुलींकडे जाणारी माणसे किती होती, आणि त्यांतली स्वतः कधी पाला खाऊन जगलेली किती, हेही विचारले पाहिजे.

केडगावात एक घर होते 'कृपासदन', फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या बायकांसाठी. ते वाचले की मला फुलम आठवते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी परक्या देशात पाहिलेला तो दिवा या बाईने जपून आणून माळरानावर लावला होता. आणखी एक घर होते आंधळ्या मुलींचे. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली होती, म्हणजे बोटांनी वाचायची विद्या त्या मुलींना मिळाली. घराचे नाव 'बार्तीमी सदन', यरीहोच्या त्या आंधळ्यावरून.

आता तो बार्तीमय. रस्त्याकडेला बसून भीक मागणारा. येशू चालला आहे हे कानावर येताच तो ओरडू लागतो, आणि लोक त्याला दटावतात, गप्प बस म्हणून. तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो. आणि समोर आंधळा उभा असताना विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावे, असे तुला वाटते? पूर्वी मला हा प्रश्न निरर्थक वाटे. आंधळ्याला दुसरे काय हवे असणार? आता वाटते, आयुष्यभर त्याच्या झोळीत लोकांनी स्वतःला जमेल ते टाकले. तुला काय हवे, असे त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी विचारले असेल. दृष्टी मिळाली ती नंतर. त्याआधी त्याला आवाज परत मिळाला.

दृष्टी आल्यावर तो घरी गेला नाही. त्याच वाटेने येशूच्या मागे निघाला, आणि ती वाट यरुशलेमेची होती. मार्काचा अकरावा अध्याय सुरू होतो तो डाहाळ्या आणि होसान्नाने, आणि त्याच आठवड्यात पुढे वधस्तंभ येतो. इतकी वर्षे अंधारात काढलेल्या माणसाला डोळे मिळाले आणि आठवड्याभरात त्या डोळ्यांसमोर काय आले!

रमाबाईंच्या शेवटच्या दिवसांचा विचार करताना मी इथेच अडते. साध्या खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावे म्हणून त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलाचे भाषांतर हाती घेतले. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापले जात होते. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. चाळिशीची एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळे सोपवायचे होते ती. कान जवळजवळ गेलेल्या, थकलेल्या रमाबाई पुन्हा त्या पानांकडे वळल्या. 5 एप्रिल 1922 रोजी, झावळ्यांच्या रविवारला चार दिवस असताना, त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला तो त्यांच्या मागे, 1924 मध्ये.

त्या भाषांतरात बार्तीमयाची गोष्ट लिहिताना त्यांच्या मनात काय आले असेल? येशूने बोलावले तेव्हा बार्तीमयाने अंगावरचे वस्त्र टाकून दिले, असे मार्क मुद्दाम नोंदवतो. भिकाऱ्याचे वस्त्र म्हणजे दिवसा पुढ्यात पसरायची झोळी आणि रात्री अंगावर घ्यायचे पांघरूण. त्याच्याजवळ दुसरे काही नव्हतेच. मला वाटते, त्या ओळीपाशी रमाबाईंची लेखणी क्षणभर थांबली असेल. पांघरूण नसलेली रात्र त्यांना ठाऊक होती. त्या आठवड्यात यरुशलेमेत थंडी होती, प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्र कोळशाच्या शेकोटीशी हात शेकत उभा होता असे योहान सांगतो. बार्तीमयाने त्या रात्री काय पांघरले, ते कुठेच लिहिलेले नाही.