जेलची परीक्षा कुणाच्या पाण्यात?

युरियाचा हप्ता दिला आणि त्याच रात्री धो धो पाऊस कोसळला, की खत कुठे गेलं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. विरघळलेला युरिया आणि मातीत त्याचं होणारं नायट्रेट, दोन्ही पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतात. म्हणूनच पाणी धरणाऱ्या जेलमध्ये खत भरून ते पिकाला सावकाश पुरवायची कल्पना मला मनापासून पटते. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्चपासून असा पदार्थ घडवला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारित ‘पुसा हायड्रोजेल’ आणलं.

पुसा हायड्रोजेल वजनाच्या किमान 350 पट पाणी शोषतं, असं सांगतात. हा आकडा शुद्ध पाण्यातला आहे. जेलच्या साखळ्यांवर विद्युतभार असतो आणि आत-बाहेरच्या क्षारांच्या फरकामुळे पाणी आत ओढलं जातं. बाहेरचं पाणीच खारट असेल तर ही ओढ मंदावते. बाळाच्या डायपरमधलं पॉलिमर शुद्ध पाणी शेकडो पट पितं, पण 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात ते तीस-साठ पटींवर येतं. कॅल्शियम तर त्याहून वाईट: त्याचा एकेक आयन दोन साखळ्यांना जखडतो आणि जेल आकसतं. आता मराठवाड्यातली चुनखडीची जमीन आणि बोअरचं जड पाणी आठवा.

खताचंही तसंच. युरियावर विद्युतभार नसल्याने तो जेलला आकसवत नाही. पण त्याच कारणाने जेल त्याला घट्ट धरतही नाही. अमोनियम धरलं जातं, नायट्रेट निसटतं. तेव्हा ‘खत सावकाश सुटतं’ एवढं म्हणणं पुरेसं नाही; कोणतं खत, हे सांगायला हवं.

भारी काळी माती मुळातच फुगते, पाणी धरते. जेलचं खरं काम हलक्या, मुरमाड रानात आहे. शिवाय पूर्ण कृत्रिम अ‍ॅक्रिलेटची जेल मातीत फार सावकाश कुजतात; युरोपीय संघाने 2019 च्या खत-नियमावलीत अशा पॉलिमरसाठी जैवविघटनाची अट घातली, ती योग्यच आहे.

कृषी विज्ञान केंद्रांनी प्रात्यक्षिक दाखवताना नळाचं पाणी बाजूला ठेवावं आणि गावातल्याच बोअरचं पाणी वापरावं. आणि शेतकरी मित्रांनो, पुडी घेण्याआधी चमचाभर दाणे आपल्याच विहिरीच्या पाण्यात टाका, तासाभराने बघा, आणि मगच पैसे मोजा.