परसदारचा ओटा

सायखेड्यात परसात ओटा घालायचा तर लांबी-रुंदी नंतर ठरते. आधी उंची, आणि ती गोदावरीला विचारून. नाशकात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की इकडे सायखेडा-चांदोरीत सामान माळ्यावर चढतं. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, त्यामुळे फुगवटा मागे सरकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी घरादारांत शिरलं. तेवढ्या पुराच्या वर डोकं काढणारा ओटा मात्र कुणी बांधू नये. पाय लोंबकळायला लागले की माणूस तिथे फार वेळ बसत नाही. दीड फूट पुरे. पूर आलाच तर वरून जाऊ द्यावा, आणि ओसरल्यावर गाळ खराट्याने निघावा.

म्हणूनच बंगल्यांमागचे लाकडी डेक मला इथे पटत नाहीत. पाणी निथळायला फळ्यांत फटी ठेवतात. पावसाला त्या उत्तम, पण पुराचा गाळ त्यांतून खाली जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो. इथे घडीव काळा दगड किंवा शहाबादी फरशीच हवी, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन.

खरी परीक्षा पायाची. निफाड तालुक्यातली काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर टेकलेला ओटा दरवर्षी हलतो. घराच्या जोत्याला जखडलेला असेल तर भिंतीलाही तडा देतो. काळी काढून मुरमापर्यंत जावं, आणि जोतं नि ओटा यांत बोटभर फट सोडावी. घराला लागून, तरी घरापासून सुटा. परसाचा स्वभावच तो. पुढच्या ओसरीवर पाहुण्यांसाठी सावरून बसावं लागतं. मागे घरातलं माणूस नुसतं बसतं, कुणाचं आदरातिथ्य न करता.

सावलीसाठी इथे पहिल्यांदा द्राक्षाचा वेलच सुचतो. पण एप्रिलची खरड छाटणी झाली की वेल बोडका, नेमका उन्हाच्या तोंडावर. त्यापेक्षा मधुमालती चढवावी, तीही अर्ध्याच ओट्यावर. उरलेला अर्धा कुरडया-सांडग्यांना उघडा हवा. त्याचं माप गवंड्याने टेप लावून घेऊ नये. वाळवण घालणारीने आपलं जुनं पातळ अंथरून, चारी बाजूंनी वाकायला जागा सोडून घ्यावं.