फोटोतील बुद्ध आणि आचरणातील बुद्ध



जपान पाहून आलेल्यांचे फोटो आता नांदेड-लातूरच्या घराघरांत मोबाईलवर येतात. नारा येथील तोदाईजी विहारातील भव्य बुद्धमूर्ती, उघड्या आकाशाखाली बसलेली कामाकुराची कांस्यमूर्ती, क्योटोच्या लाल कमानी! पाहून ऊर भरून येतो. ते योग्यच आहे. पण धम्मात नुसते पाहून भागत नाही. काय पाहिले ते समजले पाहिजे.

क्योटोच्या फुशिमी इनारी येथील लाल कमानी बुद्धाच्या नाहीत. ते शिंतो देवस्थान आहे. भातपिकाची देवता इनारी, आणि तिचे दूत म्हणून तेथे कोल्ह्यांच्या मूर्ती. जपानी माणूस शिंतो देवस्थानातही जातो आणि विहारातही जातो. तो त्याचा इतिहास. आपण मात्र १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांचे वारस आहोत. जपानचे ते सारे बुद्धाचे, असे समजून कोल्ह्यापुढे हात जोडू नयेत.

आता नाराची मूर्ती पाहा. इ. स. ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूने तिचे डोळे रेखाटले. त्यांच्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्यांनी ते हाती धरले होते. हेतू हा, की त्या पुण्यात सर्वांचा वाटा असावा. किती थोर कल्पना!

पण पुढे तो दोर सर्वांच्या हाती राहिला काय? नाही. मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे लोक तेथेही गावाबाहेर ठेवले गेले. त्यांना बुराकू म्हणतात. १८७१ साली सरकारी हुकुमाने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला, कलंक गेला नाही. मेल्यावर विहारातून जे धम्मनाम मिळते, त्यातही काही ठिकाणी पशू, हीन अशा अर्थाची अक्षरे घातली गेली. बुद्धाच्या दारात, मेल्यावरही जात! म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत त्यांनी सुईहेइशा ही समतेची संघटना उभारली. तरी १९७५ साली उघडकीस आले, की त्यांच्या वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्या विकत घेत होत्या. उमेदवार कोणत्या वस्तीचा, हे पाहण्यासाठी!

वाचकहो, जपानला हसू नका. आपणही लग्न जुळवताना आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग हळूच पोटजात. ती यादी छापलेली नसते, आपल्या डोक्यात असते. मातंग किंवा चर्मकार शेजारी विहारात आला तर त्याला कोणत्या रांगेत बसवतो? दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषदेला हजारोंनी जमणारे आपण, घरी परतल्यावर मुलीच्या सोयरिकीत कोणाला नकार देतो, आणि का?

सप्टेंबर २०१५ मध्ये जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. शेकडो वर्षांच्या विहारांच्या त्या डोंगरावर बाबासाहेब उभे आहेत. याचा मी असा अर्थ घेतो, की जेथे मूर्ती आहे पण समता अपुरी आहे, तेथे त्यांचे काम शिल्लक आहे. ते तेथे आहे, तसेच नांदेडात आहे, लातुरात आहे.

फोटो जरूर लावा. मात्र येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आपल्या विहारात एक ठराव मांडा: सोयरिकीत पोटजात विचारणार नाही. मग बोधिसेनांच्या दोराचे एक टोक तुमच्याही हाती आले असे समजा.

नमो बुद्धाय! जय भीम!