पैलतीरावरचा कचरा

कृष्णाकाठी, वाईच्या खाली आणि माहुलीच्या वर, एक गाव आहे. नाव सांगितलं तर भांडणं लागतील, म्हणून सांगत नाही. गावाला दगडी घाट आहे, घाटावर महादेव आहे आणि घाटाखाली गावाने वर्षानुवर्षं नदीला अर्पण केलेला कचरा.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी सहाला पंधरा-वीस माणसं घमेली, दाताळी घेऊन पाण्यात उतरू लागली. काय निघालं नाही? गाठ मारलेल्या निर्माल्याच्या पिशव्या, थर्माकोलची मखरं, देवांच्या तडकलेल्या तसबिरी, जुन्या साड्या, एक अख्खी गादी. भिजलेली गादी चौघांनाही हलत नाही. गुरुजींना नावं ठेवणाऱ्याने आधी तशी एक गादी बाहेर काढून दाखवावी.

घाट स्वच्छ झाला, तशी मंडळींची नजर खालच्या अंगाला गेली. तिथे खडकांत शेरणीची झुडपं होती, मधूनमधून लव्हाळा, काठावर वाळुंजीची दोन वाकडी झाडं. शेरणी दिसायला तशी दरिद्रीच. त्यात फांद्याफांद्यांत चिंध्या आणि प्लास्टिक लोंबत असलेलं. "हे एकदा काढलं की काठ कसा मोकळा दिसेल!" कुणीतरी म्हणालं. जेसीबी आला आणि अर्ध्या दिवसात काठ दाढी केल्यासारखा गुळगुळीत झाला. ५ जूनला तिथे ओळीने गुलमोहर लागले. प्रत्येकाभोवती लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यावर देणगीदाराची पाटी. पहिल्या पाटीवर गुरुजींच्या कैलासवासी वडिलांचं नाव.

पैलतीरावर भोयांची चार घरं. त्यांतले सगळ्यात थोरले, त्यांना गाव तात्या म्हणतं. ते पूल ओलांडून आले आणि रिकामा काठ बघत राहिले.

"गुरुजी, शेरणी कशाला उपटली? तिची मुळं खडकाच्या फटीत शिरत्यात. पूर आला की ती आडवी हुती, पाणी उतरलं की पुन्यांदा उठती. गुलमोहर आडवा झाला की झालाच."

"अहो तात्या, पण फुलं काय येतात त्याला!"

"फुलं उन्हाळ्यात. पूर पावसाळ्यात."

गुरुजी हसले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, हे त्यांनी वर्गात कितीदा शिकवलं असेल. पण शिकवलेलं सगळं स्वतःला लागू पडतं असं थोडंच असतं.

तात्यांच्या काठावर जेसीबी गेला नाही. ते आणि त्यांची नातवंडं झुडपांतल्या चिंध्या हाताने सोडवायची, शेरणी जागेवर ठेवायची. जिथे काठ खचला होता तिथे पहिल्या पावसात वाळुंजीच्या बोटभर जाड फांद्या तोडून चिखलात खोचल्या. वाळुंजीला रोपवाटिका लागत नाही, ओल मिळाली की फांदीच मूळ धरते. वरच्या अंगाला, जिथे पाणी क्वचित चढतं, तिथे करंजाच्या बिया टोकल्या. पोरांनी जांभळं खाल्ली आणि बिया तिथल्या तिथे पुरल्या. जांभळाची बी ठेवून चालत नाही, वाळली की गेली. या सगळ्याचा फोटो कुणी काढला नाही, कारण काढण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

श्रावणात धरणातून पाणी सोडलं. घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. पूर ओसरल्यावर अख्खं गाव बघायला लोटलं. गुरुजींच्या काठाची कड हातभर आत आली होती. गुलमोहर गेले होते, पिंजरेही बरेच गेले होते. पण कचऱ्याचा कपटा नाही! आणि समोर तात्यांच्या काठावर? प्रत्येक शेरणीला पिशव्या, प्रत्येक वाळुंजीला साडीचा पदर. बघवत नव्हतं.

"झाडं पुन्हा लावू," मंडळी म्हणाली, "पण आपला काठ बघा आणि त्यांचा बघा."

तेवढ्यात खालच्या गावचा एक माणूस मोटारसायकलवर पोतं बांधून आला. काही न बोलता त्याने ते घाटावर पालथं केलं. आतून पिशव्या निघाल्या. पिशव्यांवर याच गावच्या पेठेतल्या पेढेवाल्याचं नाव आणि फोन नंबर. खाली एक वाकलेला पिंजरा, पाटीसकट.

"तुमचा हाय न्हवं?" तो म्हणाला. "आमच्या पाणवठ्यावर अडकला हुता. असं अजून ट्रॉलीभर पडलंय."

गुरुजींनी वडिलांचं नाव वाचलं. कुणी काही बोललं नाही, तेव्हा तात्या बोलले.

"माझ्या काठावर घाण दिसती, कारण ती तिथं अडकती. अडकली की आमी उचलतो. तुमच्या काठावर दिसत न्हाई, कारण ती खालच्यांच्या दारात गेली. घाट स्वच्छ झाला म्हंजी नदी स्वच्छ झाली, असं नसतंय गुरुजी. आन् पेढेवाल्याला पिशव्या बंद करा म्हनून कुनी सांगितलंय का अजून?"

कुणी सांगितलं नव्हतं. पेढेवाला रविवारच्या मंडळींना चहा पाजायचा, त्यामुळे विषय निघालाच नव्हता.

पुढच्या रविवारी निम्मी मंडळी खालच्या गावात ट्रॉली भरायला गेली, दोघं पेठेत गेले, आणि उरलेली पैलतीरावर. गुरुजी शेरणीतून नायलॉनची दोरी सोडवत बसले होते. हे काम जेसीबीचं नव्हतं, नखांचं होतं. खोचलेल्या वाळुंजीतल्या काही वाहून गेल्या होत्या, उरलेल्यांना पोपटी पानं फुटली होती. त्यांतल्या दोघींचे शेंडे कुणीतरी खाल्लेले.

"तात्या, ते उरलेले पिंजरे आता काय करू?"

"आणा की हिकडं. वाळुंजीला शेरडं लागत्यात."

गुरुजी जरा घुटमळले. "पाट्या काढून आणू का?"

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "तुमच्या वडलांना पवायला येतंय चांगलं."